आधी बंदर, मग घरची खाडी

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

दिवाळीनंतर मालदीव, श्रीलंका किंवा ओमानकडे गेलेल्या शिडाच्या बोटी शिमग्याच्या सुमारास परतीला लागतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रं त्या परतीबद्दलच आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्या मुद्द्यावर बोट अडकते तिथे उत्तर लांबलं आहे, बाकी ठिकाणी थोडक्यात आटोपलं आहे.

प्रश्न (देवगड): आमची अकरा मीटरची, भारतात नोंदलेली बोट मालदीवहून परत येणार आहे. देवगड वाटेवरच आहे. तिथे नांगर टाकून कस्टम्सला फोन केला तर चालेल का? बोटीत माल काहीच नाही.

नाही चालणार. कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम २९ प्रमाणे भारताबाहेरून आलेल्या कोणत्याही जलयानाचा पहिला थांबा अधिसूचित कस्टम्स बंदरातच व्हायला हवा. बोट केवढी आहे, तिच्यात माल आहे की नाही, ती कुणाच्या मालकीची आहे, याने काही बदलत नाही. शिवाय नुसतं कस्टम्स असून भागत नाही. पासपोर्टवर आगमनाचा शिक्का मारणारं इमिग्रेशनही त्याच बंदरात लागतं. कोकणच्या पट्ट्यात छोट्या बोटीला व्यवहारात दोनच दारं उरतात: दक्षिणेला गोव्यातलं मुरगाव आणि उत्तरेला मुंबई. जयगडला किंवा दिघीला मोठी मालवाहू जहाजं लागतात म्हणून आपलंही काम तिथे होईल, असं गृहीत धरून निघू नका.

देवगडकरांना मुरगाव आडवाटेचं नाही. मालदीवहून येताना ते देवगडच्या सुमारे ६० सागरी मैल आधी लागतं. वेंगुर्ला, मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी या सगळ्यांना हेच लागू. खरा पेच हर्णै-दाभोळकडच्या मंडळींचा आहे. हर्णै मुरगावहून सुमारे १५० मैल, तर मुंबईहून जेमतेम ६५. म्हणजे मुंबई गाठायची तर घरासमोरून पुढे जायचं आणि क्लिअर होऊन, म्हणजे कस्टम्स-इमिग्रेशनचे सोपस्कार उरकून, परत खाली यायचं. तरीही आमचं मत असं की सहा-सात दिवसांच्या प्रवासानंतर माणसं थकलेली असतील किंवा इंजिन कुरकुरत असेल, तर पहिलं दार धरावं, म्हणजे मुरगाव. एकदा क्लिअर झालात की पुढची प्रत्येक खाडी रात्रीच्या आसऱ्यासाठी मोकळी होते. न क्लिअर झालेल्या बोटीला मुरगाव ते मुंबई या सव्वादोनशे मैलांत एकही खाडी आपली नसते.

मालदीवहून निघाल्यावर मिनिकॉय अगदी वाटेत दिसतं. तिथेही सहज म्हणून थांबू नका. लक्षद्वीपच्या बेटांवर जायला भारतीय नागरिकालाही वेगळा परवाना लागतो.

प्रश्न (रत्नागिरी): वादळ आलं, शीड फाटलं, कुणी आजारी पडलं, तर मग काय करायचं? जयगडच्या खाडीत शिरायचंच नाही?

शिरायचं. जीव आणि बोट आधी. त्याच कलम २९ मध्ये अपघात, खराब हवामान किंवा टाळता न येणारं कारण यासाठी सूट आहे. पण या सवलतीसोबत कर्तव्यंही आहेत. जवळच्या कस्टम्स अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लगेच कळवायचं, मागितल्यास लॉगबुक दाखवायचं, त्यांच्या परवानगीशिवाय कोणतीही वस्तू उतरवायची नाही, कुणी बोटीजवळून हलायचं नाही आणि ते सांगतील तसं करायचं. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला कायदा आडवा येत नाही. आरोग्य, सुरक्षितता, जीव किंवा मालमत्ता वाचवणं यासाठी माणूस किंवा वस्तू उतरवता येते.

आत वळण्याआधीच व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरच्या रेडिओच्या, १६ नंबर चॅनलवर तटरक्षक दलाला सांगा. मोबाइलला रेंज आली की १५५४ हा तटरक्षक दलाचा आणि १०९३ हा सागरी पोलिसांचा क्रमांक आहे. लॉगमध्ये वेळ, अक्षांश-रेखांश, वारा, लाटा, बिघाड काय आणि कुणाशी काय बोलणं झालं, हे जागच्या जागी लिहा. फाटक्या शिडाचा, तुटलेल्या शॅकलचा (दोर-शिडं जोडणाऱ्या कडीचा) फोटो काढा. ‘टाळता न येणारं कारण’ होतं हे नंतर याच कागदावरून ठरतं. डिझेल संपलं हे कारण सहसा पटत नाही, कारण ते निघतानाच मोजता येतं.

अशा थांब्यात आपल्याकडे हमखास घडणारी गोष्ट म्हणजे बातमी कळताच घरची माणसं होडी काढून भेटायला येतात. प्रेमानेच येतात, पण न क्लिअर झालेल्या बोटीला दुसरी होडी लागली की ती माल उतरवतानाची खूण दिसते. त्यांना फोनवरच थांबवा. पिण्याचं पाणी किंवा औषध घ्यावंच लागलं तर अधिकाऱ्याला सांगून घ्या आणि लॉगमध्ये नोंदवा.

आसऱ्यासाठी विजयदुर्गची वाघोटन खाडी आणि जयगड ही दोन ठिकाणं वायव्येच्या लाटांपासून चांगली झाकलेली आहेत. विजयदुर्गाच्या पश्चिमेला पाण्याखाली जुनी भिंत आहे. किल्ल्याला लगटून आत वळू नका.

प्रश्न (अलिबाग): येणार आहोत हे कुणाला, किती आधी कळवायचं?

आगमनाची सुरक्षाविषयक पूर्वसूचना ९६ तास आधी द्यायची पद्धत आहे. ती पोर्ट एजंटमार्फत, म्हणजे बंदरातली कागदोपत्री कामं करून देणाऱ्या माणसामार्फत, जाते. आगमनाचा मॅनिफेस्टही (बोटीवर कोण आणि काय आहे याची यादी) तोच कस्टम्सच्या आइसगेट प्रणालीवर भरतो. स्वतः सगळं करू म्हणून एजंटचे पैसे वाचवायला जाऊ नका. त्या प्रणालीत छोट्या बोटीचा अर्ज मोठ्या जहाजाच्याच साच्यात बसवावा लागतो, आणि ते रोज करणाऱ्यालाच जमतं. त्याची फी, बंदराचे आकार, अधिकाऱ्यांना नांगरापर्यंत आणणाऱ्या लाँचचं भाडं आणि सुटीच्या दिवसाचं ओव्हरटाइम, हे चारही आकडे ईमेलवर वेगवेगळे मागून घ्या.

आता हिशेब बघा. मालदीवच्या उत्तर टोकाच्या उलिगामूपासून मुरगाव सुमारे ५०० सागरी मैल. ५ नॉटच्या, म्हणजे ताशी ५ सागरी मैलांच्या, सरासरीने १०० तास. म्हणजे ९६ तासांची मुदत नांगर उचलल्यावर चार तासांतच येते आणि तेव्हा मोबाइलची रेंज गेलेली असते. म्हणून सूचना किनाऱ्यावर असतानाच पाठवायची. मस्कतहून मुंबई सुमारे ८५० मैल, म्हणजे सात दिवस. सलालाहून सुमारे १,१००, म्हणजे नऊ. तिथून येणाऱ्यांनी निघतानाचा अंदाज एजंटकडे ठेवावा आणि किनाऱ्यावर एक जबाबदार माणूस नेमावा. बोटीचं एआयएस, म्हणजे तिची ओळख आणि ठिकाण आपोआप कळवणारं यंत्र, किनाऱ्यापासून दूर दिसेनासं होतं, तेव्हा चौकशीला उत्तर द्यायला कुणीतरी हवं. एआयएस मात्र पूर्ण वेळ चालू ठेवा. नोव्हेंबर २००८ नंतर या किनाऱ्यावर न ओळखलेल्या बोटीकडे कुणी दुर्लक्ष करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

वेळ लिहिताना भारतीय वेळ आणि जागतिक वेळ दोन्ही लिहा. मालदीव आपल्या अर्धा तास मागे, ओमान दीड तास मागे. पायलट स्टेशनवरची (बंदराच्या तोंडाशी वाटाड्या चढतो तिथली) वेळ आणि कागदावरची वेळ यांत फरक पडला की पहिला प्रश्न त्यावरूनच येतो.

प्रश्न (मुंबई): कोणते कागद लागतात, आणि काम अडतं कशावरून?

सर्वांत महत्त्वाचा कागद तुमच्याकडे परदेशात तयार होतो. शेवटच्या परदेशी बंदराचं पोर्ट क्लिअरन्स, म्हणजे निघण्याची परवानगी, मूळ प्रतीत हवं, त्यावर पुढचं बंदर म्हणून तुम्ही खरोखर जिथे शिरणार तेच लिहिलेलं हवं. ‘इंडिया’ एवढंच लिहून देतात तिथे मुरगाव किंवा मुंबई असं नाव घालून घ्या. मालदीवमध्ये क्रूझिंग परमिट (बेटांमध्ये फिरण्याचा परवाना) बंद करून मगच क्लिअरन्स मिळतं, आणि तिथलं कामही एजंटमार्फतच होतं. त्यासाठी कामाचे दोन दिवस धरा. शुक्रवार तिथे सुटीचा.

बाकी फाइलमध्ये बोटीचं नोंदणीपत्र, विमा, वायरलेसचा परवाना, सगळ्यांचे पासपोर्ट, क्रू लिस्ट, स्टोअर्सची (बोटीवरच्या खाण्यापिण्याच्या आणि इंधनाच्या साठ्याची) यादी, प्रत्येकाच्या वैयक्तिक सामानाची यादी, आरोग्याचं घोषणापत्र, आधीच्या बंदरांची यादी आणि भारतातून निघतानाचं पोर्ट क्लिअरन्स असू द्या. क्रू लिस्टच्या दहा प्रती छापूनच ठेवा. सोबत कुणी परदेशी मित्र असेल तर त्याचा व्हिसा निघण्याआधी तपासा. मुंबई आणि मुरगाव या दोन्ही बंदरांत ई-व्हिसा चालतो. पूर्व आफ्रिकेहून येत असाल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते लस घेतल्याच्या दहाव्या दिवसापासून ग्राह्य असतं.

बोटीचा रबरी शिक्का करून घ्या. त्यावर बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीचं बंदर एवढं पुरे. तो नसेल तर प्रत्येक टेबलावर ‘शिक्का कुठे आहे’ हे ऐकावं लागतं.

अडतं बहुतेक वेळा नावांवरून. आपल्याकडे पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला जोडून येतं, आणि क्रू लिस्ट करताना आपण नुसतं नाव-आडनाव लिहितो. इमिग्रेशनच्या संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत आहे तसंच नाव उतरवा. दुसरं कारण म्हणजे मधेच उतरलेला माणूस. चौघं गेली आणि तिघं आली, तर चौथा कुठे उतरला त्याचा त्या देशाने शिक्का मारलेला कागद हवा.

तिसरं कारण निघतानाच्या आळसात असतं. जीपीएस, रडार, आउटबोर्ड, विंच, शिडं, कॅमेरे यांची अनुक्रमांकासह यादी करून जातानाच कस्टम्सकडून त्यावर सही-शिक्का घेतला, तर परतताना हे सामान परदेशात विकत घेतलं का हा वाद उरत नाही. आउटबोर्डचा नंबर गंजून गेलेला असतो, म्हणून फोटोही जोडा.

प्रश्न (मालवण): प्रत्यक्ष बंदरात शिरण्याच्या दिवशी क्रम कसा असतो?

उजेडात पोचायचं. पहाटे पोचत असाल तर बाहेर वेग कमी करून सूर्य वर येऊ द्या. किनाऱ्यापासून १२ मैलांवर, म्हणजे प्रादेशिक समुद्राच्या हद्दीवर, राष्ट्रध्वज नीट आहे का बघा आणि उजव्या स्प्रेडरवर (डोलकाठीच्या आडव्या दांडीवर) पिवळा क्यू झेंडा चढवा. ‘बोट निरोगी आहे, प्रवेशाची परवानगी मागतो’ असा त्याचा अर्थ. १६ नंबरवर पोर्ट कंट्रोलला बोलवा. ते दुसरा चॅनल देतील. बोटीचं नाव, लांबी, ड्राफ्ट (बोट पाण्यात किती खोल बुडते), माणसं किती, शेवटचं बंदर आणि एजंट कोण, हे एका दमात सांगता यावं म्हणून लिहून समोर ठेवा.

सांगतील तिथेच नांगर टाका. मुरगावला भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटर, पण मुंबईत उधाणाला तो चार मीटरांच्या वर जातो आणि काम दोन दिवस चाललं तर बोट ते सगळं सोसते. साखळी भरतीच्या खोलीवर मोजा: ओहोटीला ४ मीटर पाणी, वर साडेचार मीटर चढ, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची १ मीटर, मिळून साडेनऊ. त्याच्या पाचपट म्हणजे सुमारे ४८ मीटर साखळी. ओहोटीच्या खोलीवर २५ मीटर सोडून निश्चिंत बसलेली बोट भरतीला घसरते, आणि त्या वेळी तांडेल किनाऱ्यावरच्या कचेरीत असतो. मुंबईत शिरताना कुलाब्याच्या दक्षिणेचा प्राँग्जचा खडक चांगला दूर ठेवा आणि भरतीबरोबर आत या. ओसरत्या पाण्याविरुद्ध ५ नॉटची बोट निम्म्या वेगाने सरकते. पश्चिमेकडून येणाऱ्यांनी मुंबई हायच्या तेलक्षेत्रातून वाट काढू नये. प्रत्येक फलाटाभोवती ५०० मीटरचं निषिद्ध क्षेत्र असतं आणि त्यांच्या पुरवठा-बोटी रात्रंदिवस फिरत असतात.

नांगर पडल्यावर कुणीही उतरायचं नाही, डिंगी (बोटीवरची छोटी होडी) पाण्यात सोडायची नाही. आधी आरोग्य अधिकारी, मग इमिग्रेशन आणि कस्टम्स. कधी ते बोटीवर येतात, कधी एजंटसोबत तांडेलला एकट्याला कचेरीत बोलावतात. क्यू झेंडा आरोग्य खात्याने परवानगी दिल्यावर उतरतो, पण बाकीची माणसं उतरतात ती सगळे शिक्के झाल्यावरच.

झडतीची तयारी आदल्या दिवशी करा. बिल्जवरच्या (बोटीच्या तळातल्या पोकळीवरच्या) फळ्या, बर्थखालचे कप्पे, शिडांचं लॉकर, साखळीचं लॉकर, इंजिनाची खोली, सगळं हाताने उघडेल असं ठेवा. अधिकाऱ्याला स्क्रूड्रायव्हर मागायला लागला की झडती दुप्पट लांबते. कारागिराने हौसेने केलेला चोरकप्पा असेल तर तो विचारायच्या आधी दाखवा. माल लपवण्यासाठी बनवलेली किंवा बदललेली बोटच जप्त करायची तरतूद कलम ११५ मध्ये आहे. कप्पा रिकामा आहे हे सांगायची योग्य वेळ तो सापडण्याआधीची.

वेळ एक ते दोन दिवसांचा धरा. धुळवड, गुढीपाडवा आणि आर्थिक वर्षाची अखेर जवळजवळ येतात. ३१ मार्चच्या आगेमागे पोचणं टाळता आलं तर टाळा.

प्रश्न (मुंबई): परदेशात घेतलेला सॅटेलाइट फोन बोटीवर आहे. सुरक्षिततेसाठीच तर घेतला. त्यावरून काही अडचण?

मोठी अडचण आहे, आणि या सगळ्या विषयात सर्वांत कमी गांभीर्याने घेतलं जाणारं प्रकरण हेच. थुराया आणि इरिडियमचे फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे. इरिडियमवर चालणारे गार्मिन इनरीचसारखे छोटे संदेशयंत्रही त्यात येतात, आणि परदेशात घेतलेली उपग्रह-इंटरनेटची थाळीसुद्धा. ‘बंद आहे’, ‘सिम काढलंय’, ‘फक्त आणीबाणीसाठी’ याने गुन्हा टळत नाही. परवानगी निघण्याआधी घेतलेली नसेल तर ते यंत्र शेवटच्या परदेशी बंदरातच मागे ठेवा. ते बोटीवर असेल तर पहिल्याच भेटीत, न विचारता, लिहून जाहीर करा. लपवलेलं सापडलं तर प्रश्न फोनपुरता राहत नाही.

सुरक्षिततेची कायदेशीर साधनं आहेत. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीआरबी (संकटात उपग्रहामार्फत हाक देणारं यंत्र) इस्रोच्या बंगळुरूच्या केंद्राकडे नोंदवता येतो. त्यात भारताचा ४१९ हा संकेत घातलेला आहे का ते तपासा. परदेशात घेतलेल्या ईपीआरबीत दुसऱ्याच देशाचा संकेत असतो आणि मग हाक तिकडे जाते. बीएसएनएलची परवानाधारक उपग्रह फोन सेवा आहे. हवामानासाठी नॅव्हटेक्सचा (बोटींसाठी रेडिओवरून लेखी सूचना देणाऱ्या सेवेचा) ५१८ किलोहर्ट्झचा रिसीव्हर घ्या. वेंगुर्ला पॉइंट आणि वेरावळहून प्रसारण होतं.

ड्रोनबद्दलही विचारलं आहे. फेब्रुवारी २०२२ पासून ड्रोनची आयात संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांखेरीज बंद आहे. परदेशात विकत घेऊन आणू नका.

प्रश्न (श्रीवर्धन): उरलेली दारू, सिगारेट, डबाबंद खाणं आणि टाकीतलं डिझेल यांचं काय होतं?

बोट परदेशी प्रवासावर असेपर्यंत स्टोअर्स शुल्काविना वापरता येतात. प्रवास संपून ती किनारी वाहतुकीत आली की उरलेल्या साठ्यावर शुल्काचा प्रश्न उभा राहतो. म्हणून स्टोअर्सची यादी खरी आणि मोजून केलेली असावी: किती बाटल्या, किती लिटर, उघडलेल्या किती, टाकीत आणि कॅनमध्ये डिझेल किती. डिझेलचा अंदाज काटा बघून नको, काठी बुडवून घ्या. ‘थोडी दारू’ असं लिहिलेली यादी पाहिली की अधिकारी सगळी बोट मोजतो.

प्रौढ प्रवाशामागे २ लिटर मद्य आणि १०० सिगारेट ही सामानातली मोकळीक आहे. त्यावरची दारू सील करून ठेवतात किंवा शुल्क भरून सोडवावी लागते, आणि ते शुल्क बाटलीच्या किमतीला लाजवणारं असतं. सील झालेलं लॉकर क्लिअरन्स होईपर्यंत कुणीही उघडू नये. मालदीवमध्येही दारू बोटीवरच सील होते. ते सील निघताना तिथल्या अधिकाऱ्याकडून काढून घ्या. महाराष्ट्रात दारू बाळगण्याच्या परवान्याचा राज्याचा नियम वेगळा आहे, तो कस्टम्सच्या पावतीने पूर्ण होत नाही.

तटरक्षक दलाची बोट दिसली म्हणून बाटल्या समुद्रात फेकून देणं सर्वांत वाईट. जप्ती टाळण्यासाठी माल पाण्यात टाकलेली बोटही कलम ११५ खाली जप्त होऊ शकते. आणि २०१८ पासून भारताचं कस्टम्सचं जलक्षेत्र किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत आहे. किनारा दिसत नाही म्हणून कायदाही लांब आहे असं नाही.

रोख परकीय चलन ५,००० डॉलरच्या वर किंवा सगळं मिळून १०,००० डॉलरच्या वर असेल तर तेही जाहीर करा.

प्रश्न (पणजी): थायलंडमध्ये नवी शिडं बसवली, इंजिनही दुरुस्त केलं. बसवलेल्या वस्तूवर शुल्क लागतं का?

बसवलेली आहे, वापरलेली आहे, म्हणून ती सुटत नाही. नवी शिडं, नवा चार्टप्लॉटर (समुद्री नकाशा दाखवणारं यंत्र), नवी बॅटरी ही परदेशात घेतलेली वस्तू आहे आणि ती जाहीर करायची. दुरुस्तीचं बिल घेताना मजुरी, सुटे भाग आणि वाहतूक वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेला माल परत येतो तेव्हा शुल्काचा हिशेब साधारणपणे दुरुस्तीच्या वाजवी खर्चावर होतो, सुटे भाग आणि जाण्यायेण्याचा खर्च धरून. एकरकमी बिल असेल तर कशाची किती किंमत ते अधिकारी ठरवतो. बिल कमी रकमेचं मागून घेऊ नका. शिडाच्या कोपऱ्यावर कारखान्याचं लेबल असतं आणि किंमत दोन मिनिटांत निघते. काढलेला जुना भाग टाकून न देता आणला, किंवा त्याचा फोटो आणि नंबर ठेवला, तर बदली कशाची केली ते दाखवता येतं.

प्रश्न (वेंगुर्ला): मुलांनी पोवळ्याचे तुकडे आणि शंख जमवलेत. आणता येतील?

पोवळं आणू नका, किनाऱ्यावर पडलेलं, मेलेलं असलं तरी. मालदीवमधून ते बाहेर नेणं बंद आहे आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ते संरक्षित आहे. कासवाच्या पाठीची वस्तू, मोठे शिंपले आणि अनेक जातींचे शंखही त्यात येतात. ओळखता येत नसेल तर सगळेच तिथे ठेवून या. ताजी फळं, बियाणं, माती लागलेली रोपं, कच्चं मांस शेवटच्या दोन दिवसांत संपवा. उरलंच तर दाखवा.

प्रश्न (मस्कत, मूळ गाव गुहागर): इथे घेतलेली ओमानी नोंदणीची बोट कायमची गावी आणायची आहे. सामान म्हणून येईल का?

वैयक्तिक सामान म्हणून सुटेल असं धरून निघू नका. विहार-नौका शुल्क-सूचीत ८९०३ या शीर्षाखाली येतात आणि त्यांच्यासाठी बिल ऑफ एंट्री (आयातीचं घोषणापत्र) भरून रीतसर आयात होते. सप्टेंबर २०२५ पासून त्यांवर जीएसटीच ४० टक्के आहे, मूळ सीमाशुल्क वेगळं. कस्टम्स ब्रोकरकडून लेखी अंदाज मस्कतमध्ये असतानाच घ्या. बोट मुंबईत नांगरून मग आकडे विचारले, तर रोजचं बंदरभाडं चालू राहतं.

प्रश्न (दाभोळ): मुरगावला क्लिअर होऊन घरापर्यंत वर यायचं आहे. वारा कसा धरावा, आणि कधीपर्यंत यावं?

फेब्रुवारीपासून दुपारचा खारा वारा वायव्येचा, म्हणजे नेमका तोंडावर. रात्री उशिरा सुटणारा मतलई वारा पूर्वेकडून, आणि तो सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो. वर यायचं ते मतलईवर. किनाऱ्यापासून तीन ते पाच मैल ठेवा, त्याहून बाहेर मतलई विरतो. मध्यरात्री निघालं तर वारा जास्त वेळ मिळतो, पण अंधारात जाळी दिसत नाहीत. थर्माकोलचे बोये, बांबूला बांधलेलं फडकं, लुकलुकणारा छोटा दिवा एवढीच खूण असते आणि जाळं एक-दोन किलोमीटर पसरलेलं असतं. आम्ही पहाटे चार-पाचची वेळ सुचवतो. अंधाराचे दीड-दोन तास, मग उजेडात चार तास चांगला वारा, आणि बारापर्यंत पुढची खाडी. या हिशेबाने दिवसाला तीस-पस्तीस मैल होतात: वेंगुर्ला, मालवण किंवा देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, दाभोळ. वेंगुर्ल्याचे खडक आणि मालवणच्या सिंधुदुर्गाभोवतालचे कातळ यांच्यात फक्त उजेडात शिरा. पंख्यात जाळं अडकलं तर इंजिन लगेच न्यूट्रलला घ्या. मागे-पुढे करून सोडवायला गेलात तर दोरी पंख्याच्या शाफ्टवर वितळून बसते आणि पाणी अडवणारं सील जातं. कापलेलं जाळं कुणाच्या तरी पोटाचं आहे. बोया दिसला तर नंबर बघून भरपाई करून द्या.

एप्रिलअखेर बोट वर काढलेली असावी. मोसमी पाऊस गोव्यात ५ जून, मुंबईत ११ जूनच्या सुमारास पोचतो, पण भीती त्याआधीची आहे. तौक्ते चक्रीवादळ २०२१ च्या मे महिन्यात याच किनाऱ्यावरून वर गेलं आणि निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. शिवाय मासेमारीबंदी १ जूनला सुरू होते, त्यामुळे मेअखेर ट्रॉलर काढण्यासाठी सगळ्या बंदरांतल्या क्रेन आणि ओढणारी माणसं अडकलेली असतात. तारीख मुरगावहून निघतानाच फोन करून ठरवा.

क्लिअरन्सची फाइल बोट पावसाळ्यासाठी शाकारेपर्यंत हाताशी ठेवा, आणि कस्टम्सच्या व इमिग्रेशनच्या शिक्क्यांची एक रंगीत प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात कॉकपिटजवळ. वाटेत तटरक्षक दल किंवा सागरी पोलीस दोनदा-तीनदा तरी जवळ येतील. उसळत्या पाण्यात मूळ कागद त्यांच्या हाती द्यावा लागू नये.